आत्यांच्या हसण्याची नोंद

सासूला मी आत्या म्हणते. आमच्या भागात बऱ्याच सुना तसंच म्हणतात. लग्न होऊन मी रहिमतपूरला आले तेव्हापासून घरात आम्ही दोघींनीच एकमेकींना जास्त पाहिलंय. नवरा फौजेत, सुट्टीपुरता घरी. सासरे फौजेतून निवृत्त होऊन आले, काही वर्षं उसात राबले आणि छातीत दुखण्याचं निमित्त होऊन गेले. त्यानंतर घरात मी, आत्या आणि माझी शाळेत जाणारी मुलगी. मी इथल्याच एका हायस्कुलात मराठी शिकवते.

सासरे गेल्यानंतरच्या हिवाळ्यात आत्या आडव्या झाल्या. ताप नाही, कुठं दुखत नाही, पण भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. मी म्हटलं तरच केस विंचरायच्या. ताट पुढं ठेवलं की एक घास मोडायच्या आणि ताट सरकवायच्या. "भूक न्हाई गं," एवढंच. दुःख आहे, ओसरेल, असं सगळे म्हणत होते. ओसरेना, तेव्हा मी त्यांना साताऱ्याला एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी उदासीवरची गोळी लिहून दिली आणि गुण यायला वेळ लागेल असं सांगितलं. तसा तो लागलाही.

मग एका सकाळी स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज आला. मी दारात जाऊन पाहिलं तर आत्या अंघोळ करून, केस विंचरून, काठवटीपुढं बसल्या होत्या. "उठलीस व्हय? डबा भरलाय तुझा," म्हणाल्या. मला रडू आलं. मी लगेच तासगावला नणंदेला फोन लावला. ती नवऱ्याची थोरली बहीण. मी त्यांना वन्सं म्हणते, त्या मला वयनी. फोनवर आम्ही दोघीही रडलो. त्या म्हणाल्या, "देवच पावला, वयनी."

पुढचे काही दिवस घर सणासारखं होतं. आत्यांनी माळा झाडला, गोधड्या धुतल्या, लोणच्याच्या बरण्या उन्हात ठेवल्या. गल्लीतल्या बायका दारात येऊन म्हणायच्या, "आता तुमची सासू मान्सात आली बगा." मीही हो म्हणायचे.

ते नेमकं कधी बदललं हे मला आजही सांगता येत नाही. भाकऱ्या आमच्यापुरत्या होत होत्या, मग शेजारच्या घराला जाऊ लागल्या, मग सगळ्या गल्लीला. मी सकाळी उठायचे तर मांडणीवरची सगळी भांडी घासून अंगणात पालथी घातलेली. एका सकाळी समोरची अर्धी भिंत निळी झालेली होती. रंग कुठून आणला विचारलं, तर त्या रंगावरून सासऱ्यांच्या युनिटवर गेल्या, युनिटवरून झाशीच्या थंडीवर, थंडीवरून माझ्या मुलीच्या स्वेटरवर, आणि मध्येच एक गाणं म्हणून पुन्हा भिंतीकडे वळल्या. मधे बोट घालायला जागा नाही असं बोलणं. आणि चेहरा तर असा उजळलेला, की यांना थांब म्हणणाराच वाईट वाटावा.

मग विटा आल्या. मी शाळेतून घरी आले तर दारात ट्रॅक्टरची ट्रॉली उभी. आत्या पदर खोचून ट्रॉलीवाल्याला जागा दाखवत होत्या. परसात फौजी विधवांसाठी घर बांधायचं होतं. पाया आजच काढायचा होता. कलेक्टरांशी बोलणं झालंय, उद्घाटनाला जनरल येणार आहेत, असं त्यांनी त्याला सांगितलेलं. तो बिचारा चहाचा कप हातात घेऊन माझ्याकडं बघत होता. मी त्याला बाजूला घेतलं आणि विटा परत न्यायला सांगितल्या.

आत्या वळल्या. "तुझ्या बापाची जागा हाय व्हय?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला अगं-तुगं केलं होतं, रागावल्याही होत्या, पण माझ्या बापाचं नाव कधी काढलं नव्हतं. मी आत निघून गेले. थोड्या वेळानं त्या आत आल्या, मला मिठी मारली आणि एक साडी हातात ठेवली. "ही तुला. नेस." साडी माझीच होती. माझं कपाट मोकळं करून बाकीच्या साड्या त्यांनी गल्लीत वाटून टाकल्या होत्या.

मी वन्संना फोन करून सगळं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "वयनी, एक बोलू? आई पडून हुती तवा तुमाला तरास. आता उठून कामाला लागली तर आता बी तरासच. आई बरी झालेली बघवत न्हाई व्हय तुमास्नी?"

नवऱ्याला फोन लागला तेव्हा आवाज तुटत होता. "तुम्ही दोघींनी मिटवा," एवढं ऐकू आलं. त्यांना वाटलं, सासू-सुनेचं भांडण आहे. वन्संनाही तेच वाटलं. गल्लीलाही. सुनेनं सासूबद्दल काही सांगितलं की त्याचं आपल्याकडे हेच होतं. मी सासूचं गाऱ्हाणं सांगत नव्हते, आजारी माणसाबद्दल सांगत होते. पण ऐकणाऱ्याला हे दोन्ही सारखंच ऐकू येत होतं.

शेवटी रक्तदाब दाखवायचं निमित्त करून मी त्यांना सांगलीला न्यायचं ठरवलं. तिथल्या एका मनोविकारतज्ज्ञ बाईंचं नाव शाळेतल्या सहकारी बाईंनी दिलं होतं. वन्सं तासगावहून परस्पर आल्या. मला वाटतं, माझ्यावर लक्ष ठेवायला आल्या होत्या.

पहिल्या भेटीत आत्यांनी डॉक्टरांना जिंकून घेतलं. खुर्चीत ताठ बसल्या, विचारलं तेवढंच बोलल्या. उलट डॉक्टरांचंच माहेर विचारलं, साडीचं कौतुक केलं. दिवस, वार, पंतप्रधान, सगळी उत्तरं बरोबर. वन्संनी माझ्याकडं एक नजर टाकली. घरी पदर खोचून ट्रॉलीवाल्याला जागा दाखवणाऱ्या आत्या त्या केबिनमध्ये कुठं गेल्या होत्या, मला कळेना. क्षणभर माझाच माझ्यावरचा विश्वास उडाला.

डॉक्टरांनी त्यांना वजन करायला नर्सबरोबर बाहेर पाठवलं आणि आम्हाला विचारलं, "झोप कशी आहे?"

"जवळजवळ नाहीच," मी म्हणाले.

"म्हातारपणी झोप कमीच हुती की मॅडम," वन्सं म्हणाल्या.

"बरोबर. पण दुसऱ्या दिवशी त्या दमलेल्या दिसतात का?"

हा प्रश्न आतापर्यंत कुणी विचारला नव्हता. आम्हालाही सुचला नव्हता. मी म्हणाले, "नाही. दमलेली मी असते."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "झोप न लागणं वेगळं आणि झोपेची गरजच न वाटणं वेगळं." काही माणसांत उदासीच्या गोळीनं मन ताळ्यावर यायच्या ऐवजी फारच वर निघून जातं, तसं इथं झालं असावं. ती गोळी आजपासून बंद. दुसरी एक सुरू करू. थायरॉइड आणि किडनीसाठी रक्त तपासू. पण आजच्या एवढ्याशा भेटीवर आयुष्यभराचं निदान त्या लिहिणार नव्हत्या. घरात काय दिसतं ते त्यांना हवं होतं.

मी पर्समधून कागद काढून दिला. आदल्या दिवशीच लिहून ठेवला होता. त्यांनी तो वाचला आणि विचारलं, "तुम्ही काय करता?"

"शिक्षिका. मराठीची."

"तरीच. 'अति बडबड'. 'हट्टीपणा'. 'विचित्र वागणं'. ही सगळी तुमची मतं झाली. विशेषणं काढून टाका. त्या काय म्हणाल्या, काय केलं, कुणी थांबवलं, थांबल्या का, एवढंच लिहा. चांगलं काही दिसलं तर तेही लिहा. आणि चोरून लिहू नका. त्यांना माहीत असू दे."

निबंधात विशेषणं कमी पडली म्हणून मी मुलांचे गुण कापलेले आहेत. मी कागद घडी करून परत पर्समध्ये ठेवला.

बाहेर आल्यावर वन्सं म्हणाल्या, "आई काय दिवस माझ्याकडं ऱ्हाऊ दे. मी बी लिवते. बघू काय दिसतंय." त्यात थोडा इशारा होता. आत्या तर एका पायावर तयारच. बेदाण्याचे दिवस होते, वन्संच्या शेडवर माणसांची गडबड होती आणि आत्यांना गडबड हवीच होती. मी एकटी घरी आले. माझी मुलगी आणि मी त्या संध्याकाळी खिचडी खाऊन लवकर झोपलो. खूप दिवसांनी मी सलग झोपले.

तासगावला जे झालं ते मी पाहिलेलं नाही. ते मला वन्संनी नंतर तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. पहिल्या दिवशी आत्या शेडवर मन लावून बसल्या, बायकांना हसवलं. वन्संनी मला मुद्दाम फोन करून तसं कळवलंही होतं. मग त्या जाळ्यांच्या रॅकवर चढायला लागल्या. मालानं रंग नीट धरला नाही म्हणून अर्धवट वाळलेले मणी त्यांनी रॅकच्या रॅक खाली ओढले. रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाच्या ओंजळीत तयार बेदाणा ओतला. सीमेवरच्या सगळ्या जवानांना इथूनच बेदाणा जाणार, असं व्यापाऱ्यांना सांगितलं. वन्संचे सासरे गावात मान असलेले. त्यांनी हात जोडून म्हटलं, "विहीणबाई, आता घरात चला." आत्यांनी सगळ्या मजुरांसमोर त्यांची टोपी उडवली. आणि मग ट्रॅक्टरवर उभ्या राहून गाणं म्हटलं.

त्या गाण्याचा कुणीतरी व्हिडिओ काढला. तो फिरत-फिरत आमच्या भावकीच्या ग्रुपवर आला. केस सुटलेले, आवाज बसलेला, तरी गातायत. खाली कुणीतरी हसण्याची चित्रं टाकली होती. कुणीतरी हात जोडले होते.

त्याच दिवशी नवऱ्याचा फोन आला. "आईला काय झालंय?" त्यांनी विचारलं. इतक्या दिवसांत ते पहिल्यांदा विचारत होते. मी महिनाभर सांगत होते ते त्या व्हिडिओनं एका दमात पटवलं. मला बरं वाटायला हवं होतं. पण आत्यांना तसं सगळ्या भावकीनं पाहिलं, ते मला सहन झालं नाही. मी ग्रुपवर लिहिलं की तो काढून टाका. काहींनी काढला.

वन्संचा फोन त्यानंतर आला. "वयनी, तुमी या. मला न्हाई झेपत."

विट्याला बस बदलून मी तासगावला पोचले. वाटेत मला वाटत होतं, वन्सं दिसल्या की मी काहीतरी बोलेन. त्यांच्या फोनवरच्या वाक्याला माझ्याकडं उत्तर तयार होतं. पण त्या फाटकात उभ्या होत्या, डोळ्यांखाली काळं झालेलं, माझे असायचे तसे. मी पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, "तुम्ही जेवलात का?" त्या नाही म्हणाल्या. आम्ही आधी जेवलो.

वन्संनी द्राक्षाच्या पेटीत घालायच्या कागदावर लिहिलं होतं. "सकाळी रॅकवर चढली. उतर म्हणलं. उतरली न्हाई. मामांची टोपी उडवली. हसली. मग रडली. मग मला विचारलं मी का रडतीया. मग परत हसली." पुढं अक्षर वेडंवाकडं होत गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी पुन्हा सांगलीला. यावेळी आत्या केबिनमध्ये बसायलाच तयार नव्हत्या. उभ्यानं बोलत होत्या, टेबलावरचं सामान लावत होत्या. मी माझा कागद विशेषणं काढून पुन्हा लिहिला होता. डॉक्टरांनी आमचे दोघींचे कागद शेजारी-शेजारी ठेवून वाचले. मग वन्संना विचारलं, "याआधी कधी असं झालं होतं? तरुणपणी? असं म्हणजे हेच नाही. खूप उत्साह, कमी झोप, मोठे बेत?"

"न्हाई मॅडम. कवाच न्हाई."

"आठवून बघा. एखादा काळ, ज्यात आई नेहमीपेक्षा वेगळी होती. जास्त आनंदात होती."

वन्सं हळूहळू सांगायला लागल्या. ती गोष्ट मी लग्नानंतर कितीदा तरी ऐकली होती. दर सणाला त्या ती सांगायच्या आणि दर वेळी सगळे हसायचे. वन्सं लहान, माझा नवरा अंगावर पिणारा. आत्यांनी एक दिवस दारातली म्हैस विकली, दोन्ही पोरांना नवे कपडे घेतले आणि घरात कुणाला न सांगता रेल्वेनं थेट झाशीला गेल्या, नवऱ्याच्या पोस्टिंगवर. वाटेत डब्यातल्या सगळ्यांना लाडू वाटले. प्रत्येक स्टेशनवर पोरांना खाली उतरवून गंमत दाखवली. वन्संना लाल फ्रॉक आणि चकचकीत बूट. "तसा उन्हाळा परत झाला न्हाई," असं त्या शेवटी नेहमी म्हणायच्या. त्या दिवशीही म्हणाल्या.

डॉक्टरांनी विचारलं, "झाशीहून आल्यावर काय झालं?"

"आल्यावर?" वन्संनी माझ्याकडं पाहिलं. गोष्टीचा हा भाग त्यांनी कधी सांगितला नव्हता. "आल्यावर आई झोपून ऱ्हायली. लय दिवस. आमाला मामीनं सांभाळलं. बाधा झाली असं म्हणायचे."

डॉक्टर लिहीत होत्या. वन्सं त्यांच्या पेनाकडं बघत होत्या.

"मॅडम, ते बी आजारच हुतं का?"

"असावं. इतक्या वर्षांनी मी खात्रीनं नाही सांगू शकत."

"आमी लय खूश हुतो वो तवा."

"असाल ना," डॉक्टर म्हणाल्या आणि पेन खाली ठेवून त्यांना रडू दिलं.

आजाराचं नाव बायपोलर. आत्ताची अवस्था मॅनियाची, म्हणजे उन्मादाची. डॉक्टरांनी सावकाश समजावलं. ही माणसं पडून असतात तेव्हा घरचे दवाखान्यात आणतात. वर असतात तेव्हा कुणी आणत नाही, कारण माणूस बरा झाला असंच वाटतं. म्हणून कागदावर नुसती उदासी येते आणि नुसत्या उदासीची गोळी दिली जाते. साताऱ्याच्या डॉक्टरांना बोल लावायचा नाही असंही त्या म्हणाल्या. त्यांना जेवढं सांगितलं गेलं, तेवढ्यावर त्यांनी दिलं होतं.

ॲडमिट करावं लागलं. आत्या तयार नव्हत्या. आणखी एका डॉक्टरांनी तपासलं, वन्संनी मुलगी म्हणून सही केली. आत्या वॉर्डच्या दारातून ओरडल्या, "लेकीनं आन सुनेनं मिळून मला डांबलं!" बाहेरच्या बाकावरचे लोक आमच्याकडं बघायला लागले. वन्सं खाली मान घालून बसल्या. मी उठून पाण्याची बाटली भरून आणली.

पुढचे दिवस आम्ही पाळी लावून काढले. मी शाळेतून रजा काढायचे, रजा संपली की बिनपगारी. मुलीला माझी आई येऊन सांभाळत होती. हळूहळू आत्यांचं बोलणं खाली आलं. एक दिवस त्यांनी दुपारी झोप काढली आणि वन्संनी मला फोन करून ती बातमी अशी सांगितली जशी घरात बाळ झाल्याची सांगतात.

घरी आल्यावर सगळं सुरळीत झालं असं लिहायला मला आवडलं असतं. लिथियमच्या गोळ्या सुरू झाल्या. हात थरथरायचा, चहाची बशी वाजायची. तहान सतत. पाणी भरपूर द्यायचं, मीठ एकदम तोडायचं नाही, ठरलेल्या दिवशी गोळी घ्यायच्या आधी रक्त द्यायचं. आत्या सगळं करत होत्या, पण एखादं नको असलेलं काम उरकावं तसं. गल्लीतल्या बायका आता दारात थांबत नव्हत्या. वाटलेल्या साड्यांतली एक साडी नेसून समोरची बाई दळण न्यायची आणि मी दुसरीकडं बघायचे. विटांचा विषय कुणी काढला की आत्या आत निघून जायच्या. निळी भिंत अर्धी तशीच राहिली. मला ती रंगवून घ्यायला सुचतही नव्हतं.

नोंदी चालूच होत्या. आता मी त्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर करत होते, दुधाच्या खाड्यांशेजारी. झोप, बोलणं, जेवण, गोळ्या. डॉक्टरांनी चोरून लिहू नका म्हटलं होतं, म्हणून उघड्यावर. आत्यांना चष्म्याशिवाय बारीक दिसत नाही, हे माझ्या डोक्यात होतं का, मला माहीत नाही. एक दिवस त्या चष्मा लावून कॅलेंडरपुढं उभ्या राहिल्या.

"हे काय लिवलंस? 'खूप हसल्या'?"

"पाहुणे आले होते तेव्हाचं आहे, आत्या."

"माझ्या मामंजीची नक्कल केली त्या पावण्यानं. समदेच हसलं. तू बी हसलीस. तुझं कुठं लिवलंय?"

मी कॅलेंडरजवळ जाऊन उभी राहिले.

"आता मी हसायचं बी इचारून व्हय गं? रडले तर खाली गेली म्हणायचं, हसले तर वर गेली. मग मी ऱ्हावं कुठं?"

त्या रागात नव्हत्या. आवाज चढलेला नव्हता, शब्द धावत नव्हते. ती तक्रार होती आणि ती खरी होती. मी पेन्सिलनं लिहिलं होतं. खोडरबर आणून त्यांच्यासमोर पुसलं.

पुढच्या भेटीत त्यांनी स्वतःच हा विषय डॉक्टरांपुढं काढला. डॉक्टरांनी खुर्ची त्यांच्याकडं वळवली. "तुम्हीच सांगा. तुमचं वर जायला लागलं हे तुम्हाला कशावरून कळतं?"

आत्या बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. "झोप नको वाटती. आन मान्सं लय आवडाया लागत्यात. ज्याला बघंल त्याला कायतरी द्यावं वाटतं. आन कुणी आडवलं की तो वैरी दिसतो." मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "हिच्यावानी."

तेव्हा ठरलं की झोप आणि गोळ्या रोज लिहायच्या. वाटप सुरू झालं, फोनवर फोन लागायला लागले, तर तेही. हसणं लिहायचं नाही. आत्यांनी डॉक्टरांकडून ते वदवून घेतलं. आणि आपल्याला काही वाटलं तर आपणही लिहू, असं सांगितलं. ते त्यांनी फार केलं नाही. अधूनमधून एखाद्या चौकोनात त्यांचं थरथरतं अक्षर दिसायचं, "कटाळा" किंवा "पाय दुखला".

पण कागदावरून काढलं म्हणून नजरेतून जात नाही. वन्संच्या मुलीच्या लग्नात हळदीला आत्या नाचल्या. पुष्कळ बायका नाचत होत्या, त्यातल्या त्या एक. तरी मंडपाच्या एका टोकाला मी आणि दुसऱ्या टोकाला वन्सं, दोघींचे डोळे एकाच वेळी त्यांच्यावर गेले आणि मग एकमेकींवर. आत्यांनी ते पाहिलं. नाच थांबवून त्या खुर्चीवर जाऊन बसल्या. वन्सं धावत गेल्या. "आई, नाच की गं. का बसलीस?" आत्या म्हणाल्या, "दमले." मला ते खरं वाटलं नाही, आणि विचारायचं धाडसही झालं नाही.

मधे काही वर्षं गेली. गेल्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला पुन्हा झालं. या वेळी आधी कळलं ते वन्संना, फोनवरून. "वयनी, आई मला बोलू दीना. वाक्य पुरं व्हायच्या आत दुसरं." कॅलेंडरवर झोपेचे चौकोन मी बघितले. कमी होत गेलेले दिसत होते. मीच लिहिले होते, पण रोजचं रोज लिहिताना मला ते जाणवलं नव्हतं. आत्यांना सांगलीला चला म्हटलं तर भडकल्या. गोळ्या तोंडात धरून नंतर परसात टाकत होत्या, तेही तेव्हा कळलं. नवरा सुट्टीवर होता. या वेळी त्यांनी मिटवा म्हटलं नाही. आईच्या शेजारी बसून दुपारभर तेच-तेच सांगत राहिले. शेवटी आत्या म्हणाल्या, "जाते. पर वॉर्डात न्हाई ऱ्हायची."

वॉर्डात राहावं लागलं नाही. डोस वाढला, एक गोळी जास्त आली, वन्सं आमच्याकडं येऊन राहिल्या. विटा नाहीत, व्हिडिओ नाही. बाहेरच्या कुणाला काही कळलंही नाही. डॉक्टर म्हणाल्या, "लवकर आलात म्हणून थोडक्यात गेलं." ही चांगलीच गोष्ट आहे. पण मी आणि वन्सं बाहेर बाकावर बसलो तेव्हा दोघींच्याही मनात एकच होतं, की हे पुन्हा येणार, आणि पुन्हा आपणच ओळखायचं. त्या म्हणाल्या, "माझं वय होत चाललंय, वयनी." मी म्हणाले, "माझंही."

परवा रक्ताच्या तपासणीला आम्ही दोघीच साताऱ्याला गेलो होतो. उपाशीपोटी रक्त देऊन झालं, आत्यांनी कापूस दाबून धरला. रिपोर्ट संध्याकाळी फोनवर येणार होता. स्टँडवर बस लागायला वेळ होता म्हणून वरच्या मजल्यावरच्या कॅन्टीनमध्ये बसलो. आत्यांनी भजी मागवली. खाता-खाता मला विचारलं, "तुला कटाळा येत न्हाई का गं ह्याचा?"

आधी मी नाही म्हटलं असतं. त्या दिवशी मी म्हणाले, "येतो, आत्या. फार येतो."

त्यांनी मान हलवली. "मला बी."

मग त्यांनी एक भजं माझ्या ताटलीत सरकवलं आणि म्हणाल्या, "खा. गार व्हायलंय." बाहेर कुणीतरी कोरेगाव, रहिमतपूर असं ओरडलं. आत्यांना जिना उतरायला वेळ लागतो, म्हणून मी आधी जाऊन खिडकीच्या जागेवर रुमाल टाकला.